जमेची बाजू : फरक अठरा रुपयांचा

अशिलाकडे फी कशी मागावी, हे या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण मध्येच एक पत्र आलं आणि ते डोक्यातून जाईना. इचलकरंजीत सुताच्या एका पेढीवर हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलंय, "टॅलीत तेरीज आपोआप जुळते. फरक शोधत बसायचे दिवस गेले. मग पुढे जायचं तर मी कुठला कोर्स करू?"

कोर्स जरूर करा. एक्सेल नीट येत नसेल तर आधी तेच शिका, मग जीएसटीचं. पण ताई, फरक शोधायचे दिवस गेले, हे मला मान्य नाही. माझ्या मते हिशेबनिसाचं शिक्षण फरकापाशीच सुरू होतं.

साल १९८६. मी सांगलीत आर्टिकलशिप करत होतो. एका पतसंस्थेच्या ऑडिटला आम्ही दोघे गेलो होतो, मी आणि माझ्याहून वर्षभर जुना एक सहकारी. खतावण्यांतल्या शिल्लका उतरवून संस्थेने तेरीज तयार ठेवली होती. जमेची बाजू नावे बाजूपेक्षा १८ रुपयांनी जास्त.

अठरा म्हटल्यावर आम्ही खूश झालो. १८ ला ९ ने भाग जातो, म्हणजे कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असणार. २ नेही भाग जातो, म्हणजे ९ रुपयांची एखादी शिल्लक उलट्या बाजूला पडली असणार. दोन्ही युक्त्या नुकत्याच शिकलो होतो. दोन दिवस आम्ही शेवटच्या दोन अंकांत दोनाचा फरक असलेली प्रत्येक रक्कम तपासली. ३१, ४६, ६४, ७५, एकही सोडली नाही. ९ रुपयांची शिल्लक तर अख्ख्या संस्थेत कुणाचीच नव्हती. शेवटी सहकारी म्हणाला, "अनामत खात्यात टाकू. अठरा रुपयांना कोण विचारतंय?"

तिसऱ्या दिवशी सर आले. आमचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "फरक अठराचा आहे. चूक अठराची आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मग युक्त्या बाजूला ठेवायला लावल्या. खतावणी शेवटच्या पानापासून उलटी घ्यायची, एकाने वाचायचं, दुसऱ्याने तेरजेवर टिक मारायची.

दुपारी चारच्या सुमारास कर्जखतावणीत १२,६४० ची शिल्लक आली. तेरजेत होते ११,६४०. मराठी दोनाचा आकडा शाई फुटून एकासारखा झाला होता. आम्ही आनंदाने बेरीज दुरुस्त केली, आणि पोटात गोळा आला. फरक मिटायच्या ऐवजी अठराचा ९८२ झाला होता, आणि आता नावे बाजू जास्त होती. सर मात्र पहिल्यांदाच हसले. "आता खरा फरक दिसला," म्हणाले.

दिवेलागणीला ठेवींच्या खतावणीत दोन पानं एकमेकांना चिकटलेली सापडली. आत एकाच खातेदाराची शिल्लक होती, ९८२ रुपये. ती तेरजेत आलीच नव्हती. नावे बाजूला हजार कमी, जमेला ९८२ कमी, आणि वर दिसत होते फक्त अठरा. ते अनामत खात्यात गेले असते, तर तेरजेत एक कर्जदार हजाराने हलका राहिला असता आणि एक ठेवीदार तिच्यात नसताच.

आता तुम्ही म्हणाल, टॅलीत शिल्लक उतरवायचीच नसते, मग असं होईल कसं? बरोबर. तिथे नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय व्हाउचर पुढेच सरकत नाही. पण ४,५७२ रुपयांचं बिल तुम्ही ४,५२७ टाकलंत, तर दोन्ही बाजूंना ४,५२७ पडतात आणि तेरीज झकास जुळते. चूक मात्र जागच्या जागी असते. ती बाहेर येते बँकेचा मेळ घालताना, पार्टीचा खातेउतारा आल्यावर, नाहीतर खरेदीचं रजिस्टर जीएसटीच्या २बी शी लावून बघताना. फरक ४५ रुपयांचा असतो, आणि समोर सहाशे बिलं. तिथे नवाचा नियम आजही हाताशी हवा.

तो नियम नीट समजून घ्या, पाठ करू नका. ७२ म्हणजे सात दाहे आणि दोन. २७ म्हणजे दोन दाहे आणि सात. अंकांची जागा बदलली की फरक पडतो दोन अंकांमधल्या अंतराच्या नऊपट. म्हणून ४५ ला ९ ने भागा, ५ येतात. आता सगळी सहाशे बिलं बघायची नाहीत. शेवटच्या दोन अंकांत पाचाचं अंतर असलेलीच बघायची : ७२, ६१, ८३, ३८, अशी. फरक ४५० चा असेल तर अदलाबदल शतक आणि दशकाच्या घरात झालेली असते. शून्य खाल्लं गेलं तरी नऊच सापडतात. १,२५० चे १२५ झाले, तर फरक १,१२५. त्याला ९ ने भागलं की १२५, म्हणजे चुकून पडलेली रक्कमच हातात येते. एक सावधगिरी : कुठलीही संख्या सहज उचलली तरी नवांतून एकदा तिला ९ ने भाग जायचाच. नियम दिशा दाखवतो, पुरावा देत नाही. आमच्या अठरा रुपयांनी हेच शिकवलं.

ही अदलाबदल मराठी माणसाच्या हातून कुठे होते, यावर मी बरीच वर्षं लक्ष ठेवून आहे. ती कानातून येते. "चार हजार पाचशे बहात्तर" म्हटलं की 'ब' आधी ऐकू येतो, 'हात्तर' नंतर. आपली भाषा एकक आधी बोलते आणि हात दशक आधी लिहितो. घाईत हात कानाचं ऐकतो आणि ४,५२७ उमटतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण सांगितलं होतं, की मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते. मला एकवीस-बावीस प्यारे आहेत, ते जावेत असं मुळीच वाटत नाही. पण मुलांची ती अडचण खरी होती, हे मी चाळीस वर्षांच्या हिशेबावरून सांगू शकतो. आणि 'एकोण'ची तर निराळीच गंमत. एकोणऐंशी म्हटलं की कान ऐंशी पकडतो आणि ७९ च्या जागी ८९ पडतात. फरक १० चा, तो नवाच्या जाळ्यातून निसटतो.

म्हणून आमच्या ऑफिसात फोनवरून रक्कम घेताना अंक सुटे बोलायचे, असा दंडक आहे. "चार, पाच, सात, दोन." ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. नवीन मुलांना चार दिवस अवघडल्यासारखं होतं, मग सवय लागते. जीएसटीच्या पंधरा अक्षरी नंबराला शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंकही त्याचसाठी असतो, शेजारचे दोन अंक उलटे पडले तर यंत्र तिथल्या तिथे अडवतं. रकमेला असं शेपूट नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. दोनशे पानी एक वही आणा आणि तिला फरकवही म्हणा. जो फरक सापडेल तो त्याच दिवशी लिहा : तारीख, रक्कम, कुठे दिसला, कशामुळे पडला, शोधायला किती वेळ गेला. कुणाची चूक हे लिहायचं नाही, कारण लिहायचं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालंय. त्या नोंदीत काय बदललं आणि कधी, ते कळतं. का बदललं, ते फक्त तुमच्या वहीत असेल.

माझी पहिली वही वर्षाअखेरीस चाळली, तेव्हा मला एकदम लख्ख दिसलं. टंकनात माझ्या चुका थोड्या होत्या. बहुतेक चुका फोनवरून घेतलेल्या रकमांच्या आणि रात्री आठनंतर टाकलेल्या नोंदींच्या होत्या. त्या वर्षापासून सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या गर्दीतसुद्धा मी आठनंतर आकडे टाकत नाही, फक्त कागद लावतो. कुठल्याही कोर्समध्ये हे मला कुणी सांगितलं नसतं, कारण ते माझ्याच वहीत होतं. तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या. समोरचा मालक किंवा सीए कामाचा जाणकार असेल, तर दोन पानं वाचल्यावर तुम्हाला आणखी प्रमाणपत्रं मागणार नाही.

आपल्याकडे बॅलन्स शीटला ताळेबंद म्हणतात. शाळेत गणित सोडवल्यावर आपण ताळा करून बघायचो, तोच हा ताळा. आता वहीच्या पहिल्या पानासाठी एक गणित देतो. बँकबुकाची शिल्लक पासबुकापेक्षा २,१६० रुपयांनी जास्त आहे. न वटलेले आणि न जमा झालेले चेक आधीच वजा-मिळवणी करून झालेत. संशय घ्यायला निदान दोन ठिकाणं आहेत, एक नवाने सापडतं, एक दोनाने. कुठली रक्कम शोधायची आणि ती भरण्याच्या बाजूला की काढण्याच्या, तेही लिहून पाठवा. उत्तरं बघून मग पुढच्या आठवड्यात फीकडे वळू.