यॉर्क येथील व्यापारी संघ व त्याचे सभागृह

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क नावाचे एक प्राचीन तटबंदीचे शहर आहे. तेथे फॉस या लहान नदीच्या काठी लाकडी सांगाड्याची एक भव्य इमारत उभी आहे. ती तेथील व्यापारी संघाने इ. स. १३५७ ते १३६१ या काळात बांधविली. साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती अद्याप त्याच संघाच्या मालकीची आहे. माल शेतकऱ्याचा व संघ व्यापाऱ्यांचा अशी ही हकीकत असल्यामुळे शेतकरी वर्गाने ती अवश्य समजून घ्यावी.

या संघाच्या भरभराटीचे मूळ मेंढ्यांच्या लोकरीत होते. यॉर्कशायरचे माळ व डोंगरउतार मेंढ्या पाळण्यास अनुकूल. तेथील शेतकरी व मोठमोठे ख्रिस्ती मठ मेंढ्यांचे कळप बाळगीत. फाउंटन्स व रीव्हो यांसारखे मठ तर पुढील कित्येक वर्षांची लोकर इटालियन व्यापाऱ्यांस आगाऊ विकून उचल घेत, आणि मेंढ्यांत रोगराई शिरली म्हणजे कर्जात बुडत. उभ्या पिकावर उचल घेण्याचे परिणाम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

१३४९ साली महामारीने यॉर्क शहराची भयंकर हानी केली. त्यानंतर सात वर्षांनी, १३५६ साली, शहरातील काही प्रतिष्ठित स्त्री-पुरुषांनी एक धार्मिक मंडळ स्थापिले, व पुढील वर्षी राजा तिसरा एडवर्ड याची परवानगी मिळवून सभागृहाच्या कामास हात घातला. या इमारतीचे तीन भाग आहेत. वरच्या मजल्यावर ओक लाकडाच्या खांबांचा प्रशस्त दिवाणखाना. तेथे सभा व मेजवान्या होत आणि व्यापाराचे व्यवहार चालत. त्याच्या खालच्या मजल्यावर गरीब व आजारी लोकांसाठी आश्रयस्थान. त्यास लागूनच प्रार्थनामंदिर. व्यापार, परोपकार व उपासना या तिहींस एकाच वास्तूत जागा मिळाली. खालचे आश्रयस्थान तर १९०० सालापर्यंत चालू होते.

पुढे व्यापाराचे स्वरूप पालटले. राजाने युद्धखर्चासाठी कच्च्या लोकरीच्या निर्यातीवर जबर जकात बसविली. कापडावरील जकात, जी १३४७ साली सुरू झाली, ती त्या मानाने फारच हलकी होती. लोकरीवरील जकातीचा बोजा बऱ्याच अंशी मेंढ्या पाळणाऱ्याच्याच माथी येई, कारण व्यापारी तितका भाव कमी देई. उलट, लोकरीचे कापड विणून परदेशी पाठविणे किफायतीचे ठरले. यॉर्कचे व्यापारी नदीमार्गे हल बंदरास माल नेत व तेथून तो समुद्रापार रवाना करीत.

१४३० साली सहाव्या हेन्रीने व १५८१ साली पहिल्या एलिझाबेथने संघास सनदा दिल्या. या दुसऱ्या सनदेने शहरातील परदेशी मालाच्या व्यापारात संघाच्या सभासदांस विशेष हक्क मिळाले. परंतु तत्पूर्वीच यॉर्कच्या कापडधंद्यास ओहोटी लागली होती. विणकाम हॅलिफॅक्स, लीड्स, वेकफील्ड यांच्या आसपासच्या खेड्यांत गेले. तेथे वाहते पाणी मुबलक होते, आणि शहरातील संघांचे नियम तेथवर पोहोचत नव्हते. निर्यातीचा मोठा हिस्सा लंडनच्या व्यापाऱ्यांनी काबीज केला. अखेर १८३५ च्या कायद्याने इंग्लंडातील शहरांतून व्यापाराचे असे मक्तेच रद्द झाले.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या मक्त्यासाठी संघाने इतकी खटपट केली तो बुडाला. परंतु सभासदांच्या वर्गणीतून उभी राहिलेली वास्तू, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले हिशेबाचे कागद व दुर्बलांस आसरा देण्याची रीत यांच्यायोगे संघ टिकला. मात्र मेंढ्या पाळणाऱ्याचे हित पाहणे हे या संघाचे काम नव्हते, व ते त्याने केलेही नाही. दुसऱ्यांचा संघ कितीही सुव्यवस्थित असला तरी तो आपल्या मालाचा भाव राखीत नाही. ते काम ज्याचे त्यानेच, आपल्यासारख्या इतरांस बरोबर घेऊन, करावे लागते. आपल्या सोसायटीची वखार, तराजू व हिशेबाची वही यांकडे सभासदांनी या दृष्टीने पाहावे.