पेला खाली, मान वर

पंगतीत पाहुणा बसला, की यजमानाची खरी कसोटी लागते ती आग्रहात. ‘माझ्यासाठी एकच जिलबी!’ म्हणून तो पुढे सरसावतो आणि पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरून ‘पुरे, पुरे’ म्हणतो. त्या वाढण्यात प्रेम असते आणि त्या नकारातही तृप्ती असते. चिनी व्यापाऱ्याच्या मेजवानीत नेमका हाच प्रसंग घडतो; फरक इतकाच, की तेथे जिलबीच्या जागी दारूचा पेला असतो. आणि आपल्या मध्यमवर्गीय माणसाची पंचाईत होते ती इथेच.

ही पंचाईत आता दूरदेशची राहिलेली नाही. ग्वांगझौ, म्हणजे जुने कॅन्टन, येथे १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो. आम्हां अंबडकरांचे शेजारी जालना पोलाद आणि बियाणे यांच्या धंद्यात नावाजलेले. अशा गावातला एखादा तरुण यंत्रे पाहायला तिकडे गेला, तर संध्याकाळी त्याला यजमानाच्या मेजावर बसावेच लागणार. ज्या महाराष्ट्रात पिण्यासाठी कायद्याने आजही परवाना लागतो, तिथे तो वाढलेला. आईने निघताना शपथ घातलेली. पेला घ्यावा तर शपथ मोडते, न घ्यावा तर यजमान दुखावतो, अशा कात्रीत त्याने काय करावे?

आधी त्या मेजाची रीत समजून घेऊ. मेज गोल असते. यजमान दाराकडे तोंड करून बसतो आणि मुख्य पाहुण्याला आपल्या उजव्या हाताशी बसवतो. आपल्याकडे आपोष्णी होईपर्यंत घासाला कोणी हात लावीत नाही, तसे तेथे यजमानाने पहिला पेला उचलून दोन शब्द बोलेपर्यंत कोणी पेल्याला ओठ लावीत नाही. मग ‘गान्बेइ’चा पुकारा होतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘पेला कोरडा’. तो रिकामा करून काहीजण उपडा करूनही दाखवतात. पुढे पाहुण्यानेही उठून यजमानाच्या सन्मानार्थ पेला उचलायचा असतो. ही परतफेड विसरणे बरे दिसत नाही.

पेल्यातली ती पांढरी, पाण्यासारखी स्वच्छ दारू बहुधा ज्वारीची असते! ज्या धान्याची आपण भाकरी थापतो, त्याचीच ‘माओताय’ ही प्रसिद्ध दारू ग्वेइझौ प्रांतात काढतात. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ५३ पर्यंत असते. पेले इवलेसे असतात खरे. पण मेजाभोवती दहाजण बसले आणि प्रत्येकाने एकदा आग्रह केला, म्हणजे हिशेब वाचकांनीच करावा.

मात्र या सोहळ्यातला खरा अर्थ दारूत नसून हातात आहे. पेला दोन हातांनी धरतात, एका हाताने पकडून दुसऱ्याचा आधार देतात. पेल्यास पेला लावताना धाकट्याने आपल्या पेल्याची कड थोरल्याच्या कडेपेक्षा खाली ठेवायची. दोघेही विनयी असले, की दोन्ही पेले खाली खाली जाऊ लागतात! पाया पडायला वाकलेल्या मुलाला आपल्याकडचे वडीलधारे मध्येच धरून उठवतात, त्याच जातीचे हे सौजन्य.

बड्याबड्यांनीही ही गोष्ट ओळखली होती. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले. त्याआधी तेथे जाऊन आलेले जनरल हेग यांनी बजावून ठेवले होते, की अध्यक्षांनी मेजवानीत पेल्यातली दारू प्रत्यक्ष पिऊ नये. चौ एन-लाय यांच्याबरोबर निक्सन यांनी पेले उचलले, मेजामेजांवर जाऊन पेल्याला पेला लावला. पण घेतले ते नुसते घोट. दोन देशांच्या मैत्रीचे त्यामुळे काही अडले नाही.

शिवाय खुद्द चिनी भाषेतच सुटकेची वाट आहे. ‘यी छा दाय ज्यू’, म्हणजे ‘दारूच्या जागी चहा’. हिच्यामागची कथा तिसऱ्या शतकातली. वू राज्याचा राजा सुन हाओ मेजवानीत प्रत्येकाला सात मापे दारू प्यायला लावी. वेइ याओ हा विद्वान इतिहासकार दोन मापांपलीकडे पिऊ शकत नसे. मर्जी होती तोवर राजा त्याला गुपचूप चहा देववी. मर्जी फिरली आणि तोच नकार त्याचा अपराध ठरू लागला. इ. स. २७३ मध्ये, अर्थात इतर कारणांचेही निमित्त होऊन, राजाने त्याला ठार मारले.

या कथेत पाहुणा आणि यजमान दोघांनाही बोध आहे. पाहुण्याने आपला नेम पहिला पेला भरण्याआधीच, हसतमुखाने सांगावा. एकाबरोबर पिऊन दुसऱ्याला नाही म्हटले, तर तो नकार दारूला न राहता माणसाला होतो. त्याने चहाचा पेला दोन हातांनी उचलावा, कड खाली ठेवावी, उभे राहून यजमानाचे दोन शब्दांत आभार मानावेत. समजूतदार यजमान ‘सुइयी’, म्हणजे ‘आपल्या मर्जीप्रमाणे’, असे म्हणेल. चीनमध्ये २०११ पासून मद्य पिऊन गाडी हाकणे हा फौजदारी गुन्हा ठरल्यावर ‘गाडी चालवायची आहे’ ही सबबही मेजावर मानली जाऊ लागली.

आणि यजमानाने? त्याने सुन हाओ होऊ नये. हे चिन्यांना सांगण्याआधी आपल्या पंगतीतही सांगायला हवे. मधुमेही पाहुण्याच्या पानावर जिलबी टाकून ‘एवढ्याने काय होते?’ म्हणणारे आपल्यातही थोडे नाहीत. पाहुण्याने आडवा धरलेला हात दिसताच थांबणे, हाही आदरातिथ्याचाच भाग आहे.