पोळीसारखं तांबं

स्टेपलरची एक पिन सरळ करा आणि एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहा. किती वेळा वाकली ते मोजा हं. तुटली ना? मग घडीचा मोबाइल रोज इतक्यांदा उघडतो आणि मिटतो, तरी त्याच्या बिजागरीतून जाणारी तांब्याची वाट कशी काय तुटत नाही?

तुम्ही म्हणाल, तिथं एखादा भारी धातू वापरत असतील. वीज वाहून नेण्यात पहिला नंबर चांदीचा, हे खरंच. पण तांबं तिच्या जेमतेम पाच टक्केच मागं, आणि किमतीनं कितीतरी स्वस्त! सोनं तिसरं. ते काळवंडत नाही, म्हणून जोडणीच्या टोकांना त्याचा नुसता मुलामा देतात. बाकी सगळी धाव तांब्याचीच.

गुपित आहे ते जाडीत. गार भाकरी दुमडली की चिरते आणि पातळ पोळीची मात्र चौघडी होते. कारण वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. वस्तू जितकी जाड, तितकी ही ओढाताण जास्त. म्हणून इथं तांब्याचा पत्रा अनेकदा फक्त 18 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा! तो रुळांखाली चक्क लाटतात, तापवून मऊ करतात आणि पॉलिइमाइड नावाच्या पिवळसर-तपकिरी प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये ठेवतात. पुरणपोळीच म्हणा ना! पुरण अगदी मधोमध, तिथं ताणही कमी आणि दाबही कमी.

पण हे झालं वाकण्यापुरतं. कापडासारखं चुरगळायचं असेल तर? इथं मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांना कापडावर सर्किट हवं होतं. त्यांनी निवडलं भारतात विणलेलं ऑर्गन्झा नावाचं रेशमी कापड! त्याच्या आडव्या धाग्यांवर धातूची पातळ पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळलेली होती. रेशीम ताण सोसतं, धातू वीज नेतो.

जरीही अशीच बनते: रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची किंवा तांब्याची चपटी तार. आजीच्या कपाटात खऱ्या जरीची जुनी पैठणी असेलही. पण तिच्या जरीतून वीज जाते का हे बघायला सेल आणि दिवा घेऊन तिकडे धावण्याआधी आजीला विचारा बरं का!