जिन चढते की जीन?

एकच टेबल, एकच बाटली, चौघांना सारखाच पेग. एक जण अर्ध्या ग्लासातच किशोरकुमार होतो. दुसऱ्याचा चेहरा लालबुंद. तिसऱ्याला थेट बेसिन गाठावं लागतं. आणि चौथा? शांतपणे बिलातली बेरीज तपासतोय! बाटलीचं लेबल कितीही वेळा वाचा, उत्तर मिळणार नाही. ते मिळेल डीएनएमध्ये.

माहीत आहे का? पोटात गेलेल्या दारूचा निकाल शरीर दोन टप्प्यांत लावतं. एडीएच नावाचं एन्झाइम अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड करतं, आणि ते विषारी असतं. मग एएलडीएच-२ नावाचं दुसरं एन्झाइम त्या विषाचं निरुपद्रवी अॅसिटेट करून टाकतं. हे दुसरं खातं जन्मतःच ढिलं असेल तर विष साचतं. गाल, मान, कान लाल, छातीत धडधड, मळमळ, डोकं ठणठण. पार्टी ओव्हर!

असे ढिलं खातं असलेले लोक जगात अंदाजे ५४ कोटी आहेत. चीन, जपान आणि कोरियाकडे तर दर शंभरात साधारण ३६. भारतात असे लोक फारच कमी आढळतात.

आता खरा ट्विस्ट. आई किंवा वडील, एकाकडूनच या एन्झाइमच्या जीनची बिघडलेली कॉपी आली, तर एन्झाइम निम्मं तरी चालायला हवं ना? चालत नाही! कारण ते चार तुकडे जुळून तयार होतं. बाजेचा एक पाय मोडला तर उरलेल्या तिघांच्या भरवशावर कोण झोपेल? चारही तुकडे धड जुळण्याची शक्यता सोळात फक्त एक. त्यामुळे एन्झाइमची ताकद निम्म्याच्या बरीच खाली घसरते.

हे ओळखायला जपानमध्ये एक सोपी टेस्ट चालते. दंडाच्या आतल्या बाजूला अल्कोहोलची पट्टी चिकटवायची, काही मिनिटांनी काढायची. त्वचा लाल झाली? मिळालं उत्तर. एक थेंबही न पिता!

आणि काही जण ही लाली लपवायला आधी अॅसिडिटीची गोळी घेतात. प्लीज, हे करू नका. गोळीने लाली जाते, विष तिथेच राहतं. या जीनचे लोक पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. लाल गाल हा शरीराने दिलेला सिग्नल आहे. सिग्नल तोडायचा नसतो.

मग ज्यांना असा इनबिल्ट ब्रेक मिळालाय, ते व्यसनी होतच नसतील? इथे जपानचे आकडे बघा, मला तर हे सगळ्यात जबरदस्त वाटतात. दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांमध्ये ही एक बिघडलेली कॉपी असलेले १९७९मध्ये होते २.५ टक्के. १९८६मध्ये ८ टक्के. १९९२मध्ये १३ टक्के! तेरा वर्षांत कुठल्याही देशाचे जीन बदलत नाहीत. बदललं ते आजूबाजूचं वातावरण. ब्रेक होता, पण पाय अॅक्सिलरेटरवरच राहिला. दोन्ही कॉप्या बिघडलेले मात्र त्या यादीत जवळपास दिसलेच नाहीत.

हाच ब्रेक गोळीतूनही मिळतो, माहीत आहे का? १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिरम तपासत होते. गोळी त्यांनी स्वतःच घेऊन पाहिली. वर थोडी दारू घेतली आणि दोघांचीही अवस्था वाईट! जंत राहिले बाजूला, दारू सोडवायचं औषध सापडलं. गंमत म्हणजे हे रसायन रबर कारखान्यांत आधीपासून वापरात होतं, आणि तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे एका अमेरिकन डॉक्टरने १९३७मध्येच नोंदवलं होतं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय मात्र या गोळीला हातही लावायचा नाही.

थोडं मागे जाऊ. किती? एक कोटी वर्षं! माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात एडीएच-४ या जीनमध्ये एक छोटा बदल झाला आणि अल्कोहोल पचवायची क्षमता सुमारे ४० पटींनी वाढली. झाडावरून खाली पडून आंबलेली फळं आता चालणार होती.

हत्तीकडे मात्र एडीएच-७ हा कामाचा जीन शाबूत नाही. एवढा अगडबंब देह, पण अल्कोहोल पचवण्यात माणसाच्या मागे. उलट ओरिएंटल हॉर्नेट ही आपल्याकडेही आढळणारी गांधीलमाशी ८० टक्के अल्कोहोल पिऊनही टुणटुणीत राहते, कारण तिच्याकडे अल्कोहोल पचवणाऱ्या जीनच्या अनेक कॉप्या आहेत.

गोल्डफिशचा भाऊबंद क्रुशियन कार्प तर चालती-फिरती डिस्टिलरी! बर्फाखाली ऑक्सिजन संपला की जादा जीनच्या जोरावर तो शरीरातच अल्कोहोल बनवतो. रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर! आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची. म्हणजे हा मासा नाकाबंदीत नक्की सापडणार.

परत माणसांकडे येऊ. जुळ्यांच्या अभ्यासांची बेरीज सांगते, दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा. हँगओव्हरसुद्धा वारशाने येतो! ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांवरच्या अभ्यासात हा वाटा स्त्रियांत ४५ टक्के, पुरुषांत ४० टक्के निघाला. १९९०मध्ये ‘दारूचा जीन सापडला’ म्हणून गाजावाजा झाला होता. तो दावा टिकला नाही. एकटादुकटा जीन नाही, अख्खी बारात आहे.

उरलेला निम्मा वाटा बघायचा तर गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दारू पिणारे पुरुष महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के, गोव्यात सुमारे ३७. नाक्याच्या अलीकडे-पलीकडे जीन काही बदलत नाहीत. दुकानं, दर आणि रीत बदलते.

शेवटी लॅबमधल्या स्टार, फळमाश्या! त्यांची नशा मोजायला ‘इनिब्रिओमीटर’ आहे. काचेची उंच नळी, आत तिरप्या जाळीचे कठडे, वरून अल्कोहोलची वाफ. माशीला चढली की ती कठड्यावरून घसरत घसरत खाली टपकते. साधी माशी टिकते वीसेक मिनिटं. ‘चीपडेट’ नावाची म्युटंट त्याआधीच गारद. तपास केला तर तिच्यात बिघडलेला जीन निघाला स्मरणशक्तीचा, नाव ‘अम्नेशियाक’!

आणि यांच्यात देवदासही असतात. २०१२च्या एका प्रयोगात माद्यांनी झिडकारलेले नर अल्कोहोल घातलेल्या खाण्याकडे जास्त वळले, जोडी जमलेले नर कमी. झिडकारलेल्यांच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड एफ हे रसायन घटलं होतं. त्याच कुळातलं न्यूरोपेप्टाइड वाय तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे.