डाग गेला, कुंकूही गेलं!

‘फोटोवर डाग पडलाय? त्यात काय, फोटोशॉपमध्ये काढून टाकू!’ असं आपण किती सहज बोलून जातो ना? मीही बोलले आणि फसले. आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, फ्रेमची जबाबदारी माझ्यावर. फोटो एकच. १९७८चा, कलर, महाबळेश्वरचा. मागच्या पांढऱ्या भिंतीपासून आजीच्या खांद्यापर्यंत चहाचा भलामोठा डाग. ऑफिसमधल्या डिझायनर मित्राने फंडा दिला, ‘आधी चॅनल्स बघ.’

एकात तीन

स्क्रीनवरचा कलर फोटो म्हणजे खरं तर तीन ब्लॅक अँड व्हाइट फोटो : लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक ठिपक्याला प्रत्येक चॅनलमध्ये ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे मिट्ट काळोख, २५५ म्हणजे फुल्ल उजेड. चहाचा तपकिरी डाग निळा प्रकाश खातो, लाल मात्र बराचसा सोडून देतो. त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये डाग गडद, लालमध्ये जेमतेम सावली! (निळ्या शाईचा डाग असेल तर उलटं, तेव्हा निळा चॅनल बघायचा.) मी लाल चॅनल उचलला. झकास ब्लॅक अँड व्हाइट फोटो तयार!

गुणाकाराची जादू

फक्त जरा फिका वाटत होता. मग ब्लेंड मोड्सकडे वळले. हे दुसरंतिसरं काही नाही, वरच्या आणि खालच्या लेअरच्या आकड्यांचं गणित. मल्टिप्लायमध्ये दोन्ही आकडे गुणायचे आणि २५५ने भागायचे. फोटो स्वतःवरच ठेवला, की २००चे साधारण १५७ होतात, पांढरा मात्र पांढराच राहतो. दोन स्लाइड्स एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरल्यासारखं. स्क्रीन म्हणजे एकाच भिंतीवर दोन प्रोजेक्टर, तिथे २००चे २४३ होतात. काळपट फोटो उजळायला बेस्ट. आणि ओव्हरले ही दोघांची भेळ : खालचा लेअर गडद असेल तिथे मल्टिप्लाय, उजळ असेल तिथे स्क्रीन. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढतो.

मी मल्टिप्लाय मारला आणि ऐटीत आईला दाखवला. ती बघतच राहिली. ‘अगं, आईंचं कुंकू कुठे गेलं?’

खरंच की! आजीचं कपाळ कोरं. आणि आजोबा बाहेर ठणठणीत, पेपर वाचत बसलेले. ही फ्रेम हॉलमध्ये कोण लावणार?

वजाबाकीने वाचवलं

दोष गणिताचा नाही, माझा. लाल कुंकू लाल चॅनलमध्ये उजळच दिसणार! समजा, त्वचा तिथे १८० आहे आणि कुंकूही १८०, मग दिसणार कसं? हिरव्या चॅनलमध्ये मात्र त्वचा १३० आणि कुंकू ४०, म्हणजे ठसठशीत. आता लालमधून हिरवा वजा करा. त्वचेचे उरले ५०, कुंकवाचे १४०. नेमकं कुंकूच चमकलं!

ही वजाबाकी करतं इमेज मेन्यूतलं ‘कॅल्क्युलेशन्स’. दोन चॅनल निवडायचे, मोड सबट्रॅक्ट, रिझल्ट नवा चॅनल. (सगळं काळं दिसलं तर दोन्ही सोर्सची अदलाबदल करा.) १९९४मध्ये फोटोशॉप ३.० सोबत लेअर्स आले, त्याआधी चॅनल असे एकमेकांत मिसळूनच बरीच कामं व्हायची.

नव्या चॅनलमध्ये लेव्हल्स वापरून साठच्या खालचं सगळं काळं केलं. डागाचा फरकही तेवढाच असल्याने तोही त्यात बुडाला. मग लाल चॅनलच्या फोटोवर हिरव्याचा लेअर ठेवला आणि हा चॅनल त्याला मास्क म्हणून दिला. मास्क पांढरा असतो तिथेच वरचा लेअर दिसतो. कुंकू परत आलं. सोबत आजीचे ओठ आणि साडीचे लाल काठही आले. तेही गेले होते, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं!

तेव्हा बॉस, एखादा चॅनल टाकून देण्याआधी तिन्ही एकेक करून बघा. डागासोबत आणखी काय जातंय ते कळतं. आणि मूळ स्कॅनची कॉपी हवीच.

फ्रेम बघून आजी खूश झाली. मग हळूच म्हणाली, ‘डाग काढलास होय? चहा यांनीच सांडला होता, अल्बम बघता बघता.’

मूळ फोटो अल्बममध्ये परत गेलाय. डागासकट.