बेसबॉलची जागतिक स्पर्धा : खेळ कोणाचा, जोखीम कोणाची?

कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बेसबॉलवर बोलावे, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. आमच्या एका जुन्या सोबत्याने तर विचारलेच, "बोनस सोडून एकदम बेसबॉल कसा काय काढलात?" त्याला उत्तर असे की, आम्ही या खेळाकडे मैदानाच्या दाराने गेलोच नाही. आमची शाळा नववीत सुटली; पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. अमेरिकेतील पोलाद कामगारांच्या संघटनेची हकीकत वाचताना मार्विन मिलर हे नाव भेटले. हा गृहस्थ त्या संघटनेचा अर्थतज्ज्ञ. १९६६ साली तो बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. पोलादाच्या भट्टीवरचा हिशेब त्याने मैदानावर कसा लावला, हे पाहता पाहता आम्हांला खेळाचीही गोडी लागली.

क्रिकेट जाणणाऱ्याला बेसबॉल समजावयास फार वेळ लागत नाही. पिचर टप्पा न पाडता चेंडू फेकतो. बॅटर तो गोल दांडक्याने टोलवतो आणि पळत सुटतो. तीन ठाणी क्रमाने गाठून, जेथून निघाला तेथे सुखरूप परतला, की एक धाव. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. असे नऊ डाव. परंतु सहा चेंडू झाले, आता दुसऱ्याने टाकावेत, अशी सोय तेथे नाही. पिचरला बदलीपर्यंत एकट्यालाच फेकत राहावे लागते आणि सारा भार त्याच्या खांद्यावर व कोपरावर येतो. एवढे ध्यानात असू द्या.

या खेळातील राष्ट्रीय संघांची मोठी स्पर्धा म्हणजे वर्ल्ड बेसबॉल क्लासिक. ती २००६ साली सोळा संघांनिशी सुरू झाली. २०२३ साली वीस संघ होते. २०२३ पर्यंतच्या पाच स्पर्धांपैकी तीन जपानने जिंकल्या, एक डॉमिनिकन रिपब्लिकने व एक अमेरिकेने. ही स्पर्धा चालविते कोण? तर अमेरिकेतील मेजर लीग, म्हणजे तीस क्लबांच्या मालकांची जूट, आणि खेळाडूंची युनियन, अशी दोघे मिळून. मालक व युनियन एका गादीवर बसून धंदा करतात, हे ऐकल्यावर आमच्यासारख्याला खुर्चीत सावरून बसावे लागते.

युनियनला हे बळ आयते मिळाले नाही. पूर्वी खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा क्लबचा हक्क संपत नसे. क्लब ठेवील तेथे राहावे, विकील तेथे जावे. १९६९ साली कर्ट फ्लड या खेळाडूला त्याच्या क्लबने परस्पर दुसऱ्या शहरातील क्लबाकडे दिले. तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला आणि त्याचा खेळही संपला. पण १९७५ साली लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात निकाल दिला, की करारानंतरचे एक वर्ष संपले की खेळाडू मोकळा. फ्लडला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. पहिली पायरी चढणाऱ्याचे असे होते, हे चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको.

आता स्पर्धेच्या वेळापत्रकाकडे पाहा. ती मार्चमध्ये का? कारण क्लबांचा हंगाम त्यानंतर सुरू होतो आणि ऐन हंगामात खेळाडू सोडावयास मालक राजी नाहीत. पण मार्चमध्ये पिचरचा हात हिवाळ्याच्या विश्रांतीतून पुरता मोकळा झालेला नसतो. म्हणून नियम असा, की एका सामन्यात पिचरने किती चेंडू फेकावेत याला मर्यादा. २०२३ साली पहिल्या फेरीत ६५, उपउपांत्य फेरीत ८०, पुढे ९५. पन्नास किंवा अधिक चेंडू फेकले तर चार दिवस सुट्टी; तीस फेकले तरी एक दिवस. प्रेक्षक कुरकुरतात, की रंगात आलेला पिचर काढून घेतला. आम्हांला त्यात कामाच्या तासांचा कायदा दिसतो. पण कायदा कोणासाठी? हाताच्या काळजीत खेळाडूचे हित आहे तसे मालकाच्या भांडवलाचेही आहे, आणि दोन्ही एकाच बाजूला असल्यामुळेच तो पाळला जातो, असे आमचे मत.

तरी दुखापत व्हावयाची ती होतेच. १५ मार्च २०२३ रोजी मायामीत पोर्टो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला हरविले. विजयाच्या आनंदात सारे उड्या मारीत असता एडविन डियाझ या पिचरच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. न्यूयॉर्कच्या क्लबाबरोबरचा त्याचा पाच वर्षांचा करार १०.२ कोटी डॉलरांचा. त्या हंगामात तो एकही सामना खेळू शकला नाही. अशा वेळी पगाराचा भार विमा उचलतो. म्हणूनच विमा कंपनी ज्याला नको म्हणते, त्याला देशाची हाक आली तरी घरी बसावे लागते. त्याच वर्षी क्लेटन केरशॉसारख्या नामांकित पिचरचे तसेच झाले.

येथे आम्हांला एक जुने प्रकरण आठवते. एका कारखान्याचा कबड्डीपटू कारखान्याच्या नावाचा बनियन घालून खेळताना पाय मोडून बसला. व्यवस्थापन म्हणाले, हा कामावरचा अपघात नव्हे. आम्ही विचारले, मग बनियनवर नाव कोणाचे? आठ महिने भांडलो. औषधपाण्याचा खर्च मिळाला. बुडालेली मजुरी मिळाली नाही.

नफ्याच्या बाबतीत मात्र खरी कसोटी जपानमध्ये लागली. तेथील खेळाडूंच्या युनियनला लढण्याची सवय होती. २००४ साली मालकांनी दोन क्लब एकत्र करण्याचा घाट घातला, तेव्हा आत्सुया फुरुता या कॅचरच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी दोन दिवस संप केला. जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील तो पहिला. क्लबांचे एकत्रीकरण टळले नाही, पण २००५ च्या हंगामात नवा क्लब उतरला आणि संघांची संख्या घटली नाही. याच युनियनने जुलै २०१२ मध्ये पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवर बहिष्काराचा ठराव केला. त्या वेळी प्रसिद्ध झालेले आकडे असे : नफ्यातील ६६ टक्के अमेरिकेची लीग व तिची युनियन यांना, जपानला १३ टक्के. जाहिरातीचा पैसा तर मोठ्या प्रमाणात जपानी कंपन्यांचा! म्हणजे एका देशातील खेळाडूंची संघटना दुसऱ्या देशातील खेळाडूंच्या संघटनेसमोर, मालकांच्या शेजारी बसलेली. आमच्या मते मिलरच्या परंपरेला हे शोभणारे नव्हते. जपानी राष्ट्रीय संघाच्या नावावर प्रायोजक मिळविण्याचा हक्क जपानचाच, हे मान्य झाल्यावर सप्टेंबरात बहिष्कार मागे घेतला गेला.

आणि ज्यांच्यामागे असली युनियनच नाही, तेही या स्पर्धेत येतात. २०२३ साली चेक प्रजासत्ताकाचा संघ तोक्योला आला तो नोकरीधंद्यातून रजा काढून. प्रशिक्षक पावेल हादिम मज्जातंतूंचे डॉक्टर, एक खेळाडू अग्निशामक दलातला, पिचर ओंद्रेय सातोरिया वीजतंत्री. या वीजतंत्र्याने ताशी सुमारे ११५ किलोमीटरच्या संथ चेंडूवर शोहेई ओहतानीला बाद केले. सामना जपानने १०-२ असा जिंकला. त्याच सामन्यात जपानच्या रोकी सासाकीचा ताशी १६२ किलोमीटर वेगाचा चेंडू विली एस्कालाच्या गुडघ्याजवळ बसला. तो लंगडत उठला व पुढे खेळला. नंतर सासाकी चेक संघाच्या हॉटेलवर गेला आणि खाऊच्या दोन पिशव्या त्याच्या हाती देऊन आला.