एका चाकावरचा तोल

परवां सायंकाळीं आमची दहा वर्षांची नात संगणकापुढें बसून खदखदून हंसत होती. डोकावून पाहिलें, तों पडद्यावर एक चिमुकला स्वार एका चाकाच्या सायकलीवर बसलेला. हातीं दोनच कळा, एक पुढें नेण्याची व दुसरी मागें नेण्याची. आणि काम एवढेंच, कीं त्यानें पडूं नये! मी जुन्या वळणाचा माणूस. “हा निव्वळ वेळेचा अपव्यय” असें म्हणणार, तोंच तिनें मला खुर्चीवर बसविलें. चार क्षणांत माझा स्वार भुईसपाट! दहा वेळां खेळलों; दहाहि वेळां तोच प्रकार.

“आजोबा, तुम्ही उशिरां सावरतां आणि मग फार सावरतां,” नात म्हणाली.

या बोलण्यांत शास्त्र आहे, हें मागाहून ध्यानांत आलें. आधार खालीं आणि भार वर, अशी वस्तु स्वभावतःच कोसळणारी असते. कल जितका वाढेल, तितका पडण्याचा वेगहि वाढतो. तिला उभी ठेवण्याचा उपाय एकच: ती ज्या बाजूस कलेल, त्या बाजूस खालचा आधार त्वरित नेणें. वाचकांनीं घरींच प्रयोग करून पाहावा. तळहातावर लांब काठी थोड्या सरावानें उभी राहते, पेन्सिल राहत नाहीं. उंच वस्तु सावकाश कलते, ठेंगणी झटकन् कलते. डोळ्यांनीं पाहून हात हलविण्यास माणसाला सुमारें १/५ सेकंद लागतो. काठी तेवढी वाट पाहते. पेन्सिल पाहत नाहीं. मात्र नजर तळहातावर नको, काठीच्या वरच्या टोंकावर हवी. कल तेथेंच आधीं दिसतो.

याहून नवलाची गोष्ट निराळीच. स्थिर असलेल्या स्वाराला पुढें न्यावयाचें, तर चाक आधीं किंचित् मागें घ्यावें लागतें. त्यामुळें अंग पुढें झुकतें, आणि मग चाक त्याच्याखालीं पुढें धांवतें. चाक एकदम पुढें दामटलें, कीं स्वार पाठीवर आपटलाच! माझे दहाहि डाव याच घाईनें गेले होते. खऱ्या सायकलीवर तर डाव्या-उजव्या कलाचीहि चिंता वाहावी लागते, आणि पडल्यावर गुडघे फुटतात. पडद्यावरचें पडणें स्वस्त असतें. म्हणूनच तेथें शिकण्यास धीर येतो.

हें सारें मला इतकें कां भिडलें, तेंहि सांगतों. गतवर्षीं न्हाणीघरांत पाय घसरल्यापासून मीं जिना उतरणें जवळ जवळ सोडलेंच होतें. न हलणें हीच सुरक्षितता, अशी माझी समजूत. परंतु आपण निश्चल उभे आहों असें वाटतें, तेव्हांहि शरीर सतत किंचित् हेलकावत आणि सावरत असतें. तोल म्हणजे न हलणें नव्हे. वेळेवर, थोडेंसेंच हलणें होय. या खेळानें माझे पाय बळकट झाले, असें मी म्हणणार नाहीं. तें काम चालण्याचेंच. पण दुसऱ्या दिवशीं नातीचा हात धरून मी जिना उतरलों आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आलों. वाटेंत एकदां डगमगलों.

“या वेळीं लवकर सावरलांत, आजोबा!” ती म्हणाली.